पद्मिनी का तापायची?

बरेच दिवस इकडे फिरकलो नव्हतो. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, मग पावसाळा, मग आळस. मागच्या महिन्यात भाच्याच्या साखरपुड्याला सगळे जमलो होतो, तेव्हा नव्या पिढीतल्या एकानं विचारलं, "काका, त्या जुन्या काळ्यापिवळ्या टॅक्स्या सारख्या बॉनेट उघडून उभ्या असायच्या ना, त्या एवढ्या तापायच्या का हो?" मी म्हटलं, लिहितो. उत्तर लांबलचक आहे आणि त्यात माझी एक चूकही आहे. ती आजवर घरात फक्त दादाला माहीत होती. दादा म्हणजे माझा आत्तेभाऊ, ज्यानं जवळजवळ तीस वर्षं टॅक्सी चालवली. तो जाऊन आता सहा वर्षं झाली. त्याच्या मुलीला विचारूनच हे लिहितो आहे.

मी मराठी माध्यमातला बी. ए., शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. इंजिनातलं मला जे कळतं ते गॅरेजच्या स्टुलावर बसून कळलेलं. चूकभूल द्यावी घ्यावी.

इंजिनाचा तापटपणा इंजिनाइतकाच जुना आहे. आपण गाडीत जे पेट्रोल घालतो, त्यातली ढोबळ मानानं पाव भाग शक्तीच चाकांपर्यंत जाते. उरलेल्यातली बरीचशी धुराबरोबर बाहेर पडते आणि तितकीच इंजिनाच्या लोखंडात शिरते. ती काढून घेतली नाही तर पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसतो. कार्ल बेंझच्या 1886 च्या पहिल्या मोटारीत त्यासाठी नुसतं पाणी होतं. ते उकळायचं, वाफ होऊन उडून जायचं आणि पुन्हा भरायचं. 1888 साली त्याची बायको बेर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाली. शंभर किलोमीटरच्या वर अंतर. वाटेत व्हीसलोख गावी औषधाच्या दुकानातून तिनं इंधन घेतलं, ही गोष्ट सगळे सांगतात. पण ती वाटेत पुन्हा पुन्हा थांबून पाणी भरत गेली, हे फारसं कुणी सांगत नाही. मला तर वाटतं, मोटारीच्या इतिहासातली पहिली टॅक्सीवाली तीच!

पुढे विल्हेल्म मायबाख यानं 1900 च्या सुमारास मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला. पाणी बारीक फटींतून फिरवायचं, मधून वारा खेळवायचा आणि तेच पाणी थंड करून पुन्हा इंजिनाकडे पाठवायचं. आजही तत्त्व तेच आहे. नंतर त्यावर दाबाचं झाकण आलं. दाबाखाली पाणी शंभराच्या पुढे गेलं तरी उकळत नाही. म्हणूनच तापलेल्या गाडीचं झाकण घाईनं उघडणाऱ्याचा हात भाजतो. दाब सुटतो आणि आतलं पाणी एका क्षणात वाफ होऊन अंगावर येतं. दादा आधी गोणपाट टाकायचा, पाव वळसा फिरवायचा, फुस्स आवाज थांबेपर्यंत उभा राहायचा आणि मगच झाकण काढायचा.

आपल्याकडे या तापण्याची जागा ठरलेली होती, ती म्हणजे घाट. मुंबई-पुण्याची गाडी खोपोली सोडून भोर घाट चढायला लागली, की निम्मी वाहनं कडेला. शिंग्रोबाच्या देवळापाशी नाणं टाकायचं आणि रेडिएटरमध्ये पाणी, ही दोन्ही कामं एकाच थांब्यात होत. कसाऱ्याला तेच. घाटातलं तापणं समजण्यासारखं आहे. चढ मोठा, वेग कमी, इंजिनावर जोर, समोरून वारा नाही.

मग मुंबईत घाट कुठे होता? इथे आपल्याला कुर्ल्याला जावं लागतं.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून 1947 पासून क्रायस्लरच्या सहकार्यानं गाड्या बाहेर पडू लागल्या. नंतर इटलीच्या फियाटशी करार झाला आणि 1954 पासून फियाट अकराशे आपल्या रस्त्यावर आली. 1964 ची डिलाइट, मग करार संपल्यावर प्रेसिडेंट, आणि 1974 पासून चितोडच्या राणीच्या नावाची प्रीमिअर पद्मिनी. नावं बदलत गेली, अंगकाठी फारशी बदलली नाही. आणि आतलं इंजिन? 68 मिलिमीटरचा बोअर, 75 चा स्ट्रोक, 1089 सीसी. हे माप फियाटच्या 1937 च्या गाडीतलं आहे! म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्याही आधी तुरीनमध्ये मांडलेलं गणित विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कुर्ल्यात सोडवलं जात होतं. परदेशी गाड्यांवर बंदी, परवान्यांचं राज्य, गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसणारं गिऱ्हाईक. कारखान्याला बदलायची गरज काय होती? याबद्दल कारखान्याला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात. मी ठेवत नाही. त्या इंजिनानं या शहरातल्या हजारो घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या.

तापण्याचं मूळ मात्र त्या गणितातच होतं. या गाडीचा पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरायचा. इंजिन जोरात तर पंखा जोरात, इंजिन हळू तर पंखाही हळू. मोकळ्या रस्त्यावर चालायला बनलेली गाडी, तिला समोरून वारा मिळणार हे गृहीत. मुंबईत 1980 नंतर ती गाडी दादरला, सायनला, अंधेरीला पहिल्या गिअरवर मुंगीच्या पावलानं सरकू लागली. ऊन वरून, तापलेलं डांबर खालून, पंखा अर्धमेला. सिग्नलवर उभ्या टॅक्सीसाठी मुंबईचा सपाट रस्ता हाच घाट होता. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली, तिचा पंखा विजेवर चालायचा. गाडी उभी असली तरी पाणी तापलं की आपोआप सुरू व्हायचा. एवढासाच फरक, पण टॅक्सीवाले तिच्याकडे हेव्यानं बघत.

त्यांनी आपापले तोडगे काढले होते. थर्मोस्टॅट काढून फेकून द्यायचा, हा सर्वात लोकप्रिय. थर्मोस्टॅट ही पाण्याच्या वाटेवरची झडप. इंजिन गरम होईपर्यंत ती पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. ती काढली की सुई सकाळी बराच वेळ खाली राहते आणि ड्रायव्हर खूश. पण रेडिएटरची ताकद त्यानं वाढत नाही, आणि थंड इंजिन चालत राहून बोअर लवकर झिजतो. दुसरा तोडगा म्हणजे डिकीत पाण्याचा पाच लिटरचा कॅन. मिळेल तिथलं पाणी ओतायचं.

आमच्या भाईंदरची गोष्ट इथे येते. ज्यांनी आमचं गाव आता आता पाहिलंय त्यांना फक्त टॉवर दिसतात. पण हा मिठागरांचा मुलूख. राई, मुर्धे, मोर्वे या बाजूला जाताना दोन्ही हातांना मिठाचे ढीग असायचे. आम्ही राहायला आलो तेव्हा शहाड-टेमघरचं पाणी दिवसाआड आणि तेही रात्री उठून भरायचं. बाकी सगळं बोअरिंगवर. त्या पाण्याला साबणाचा फेस यायचा नाही. नळाच्या तोट्यांवर पांढरी खपली धरायची. प्यायचं पाणी हंड्यात जपून ठेवायचं आणि गाडीला द्यायचं ते अर्थातच बोअरिंगचं. रोज सकाळी दादा एक तांब्या झाडाला आणि एक तांब्या गाडीला घालायचा. अकरा वर्षं.

ही टॅक्सी त्यानं 1994 साली घेतली होती. पुढे हायकोर्टाच्या आदेशानंतर जुन्या टॅक्स्यांना सीएनजी लावण्याची लाट आली, तेव्हा 2003 मध्ये त्यानंही किट बसवलं. गॅसमुळे रोजचे पैसे वाचू लागले, पण इंजिन पहिल्यापेक्षा गरम राहू लागलं. पेट्रोल आत शिरताना वाफ होतं आणि थोडा गारवा देतं, गॅस तसा देत नाही. शिवाय तो सावकाश जळतो, म्हणून ठिणगी थोडी आधी टाकावी लागते. दोन वर्षांत गाडी ऑइल पिऊ लागली, मागून निळा धूर. 2005 च्या दिवाळीनंतर दादानं ठरवलं, फुल इंजिन करायचं.

आमच्या धंद्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, गॅरेजच्या भाषेत हाफ इंजिन म्हणजे हेड उतरवून वरचं काम, आणि फुल इंजिन म्हणजे क्रँकपर्यंत सगळं खोलायचं, बोअर लेथवाल्याकडे नेऊन मोठा करायचा, नवे पिस्टन, नव्या रिंगा, नवी बेअरिंग. काशीमिऱ्याच्या बाजूला एक म्हातारे मिस्त्री होते, सगळे त्यांना उस्ताद म्हणत. कुठल्या कंपनीत शिकले नव्हते, फियाटवर हात बसलेला. त्यांनी कागदावर खर्चाची यादी लिहून दिली. एकूण आकडा दादाच्या पतपेढीच्या कर्जापेक्षा जास्त निघाला. दादा यादी घेऊन माझ्याकडे आला. "मास्तर, तू बघ जरा. हिशेबात तू पक्का."

मी तेव्हा शाळेत होतो. समोर दहावीच्या वह्या, हातात लाल पेन. एकेक ओळ वाचत गेलो. पिस्टन हवेत. गॅस्केट हवी. लेथ हवाच. एक ओळ होती, "रेडिएटर नवा कोअर, 1600". मी विचारलं, रेडिएटर गळतो का? दादा म्हणाला, नाही. मग कशाला? मी त्या ओळीवर लाल रेघ मारली. सोळाशे रुपये वाचवल्याचं समाधान मला चांगलं आठवतं.

इंजिन बांधून झालं. मागच्या काचेवर "रनिंग इन" असं चिकटवून दादा हळूहळू चालवू लागला. बोअर नवा असताना पिस्टन आणि सिलिंडर एकमेकांना अजून सरावलेले नसतात. घर्षण जास्त, म्हणून हजार-दीड हजार किलोमीटर जपून न्यावी लागते आणि या काळात सुई थोडी वर राहणं स्वाभाविक असतं. पहिले दोन दिवस ठीक गेले. तिसऱ्या दिवशी दहिसर नाक्याच्या रांगेत सुई लालपर्यंत गेली. भाडं उतरून दुसऱ्या टॅक्सीत बसलं. चौथ्या दिवशी बोरिवलीला, पाचव्या दिवशी घरापासून दहा मिनिटांवर.

आम्ही दोघं गॅरेजवर गेलो. उस्ताद म्हणाले, नया इंजन है, थोडा टाइम दो. दादाला धीर नव्हता, हप्ता सुरू झाला होता आणि मुलगी बारावीला. मलाही नव्हता. मी घरी येऊन एक पत्र लिहिलं. अगदी शुद्ध, मुद्देसूद. ग्राहक संरक्षण कायदा, 1986 चा उल्लेख, निष्काळजीपणा हा शब्द दोनदा, आठ दिवसांची मुदत, न पेक्षा ग्राहक मंच. दादानं ते नेऊन दिलं. उस्तादांना मराठी वाचता येत नव्हतं. शेजारच्या दुकानातल्या मुलानं त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं, दुकानातल्या गिऱ्हाइकांसमोर.

त्यानंतर जे झालं ते मी रोज शाळा सुटल्यावर स्टुलावर बसून पाहिलं. पाहत कसला होतो, पहारा देत होतो.

पहिला प्रश्न त्यांनी काढला तो सुईचा. सुई खरी बोलते का? मीटर दादानं बाहेरून बसवून घेतलेलं होतं. मी आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतून 110 अंशांची तापमापी मागून आणली. गाडी थंड असताना झाकण काढून ठेवलं, मग इंजिन सुरू करून ती पाण्यात धरली. पारा 94 वर गेला आणि चढतच राहिला. सुई खरं बोलत होती. याच वेळी ते पाण्यात बुडबुडे येतात का ते बघत होते. सिलिंडरमधला जळका वायू गॅस्केट ओलांडून पाण्यात शिरला, तर रेडिएटरच्या तोंडाशी सारखे बुडबुडे येतात. आले नाहीत. मग पट्टा. अंगठ्यानं दाबला, ताण बरोबर. मग ठिणगीची वेळ. ठिणगी उशिरा पडली तर जळण लांबतं आणि उष्णता भिंतींत शिरते. डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवून पाहिला, फरक नाही. मग गॅस किट. सीएनजीचा दाब कमी करताना गॅस बर्फासारखा थंड होतो, म्हणून त्या रेग्युलेटरभोवती इंजिनाचं गरम पाणी फिरवलेलं असतं. इंजिन उतरवताना ते पाइप सुटतात आणि परत जोडताना उंचावरच्या वळणात हवा अडकू शकते. हवा अडकली की पाणी फिरत नाही. त्यांनी पाइप सैल करून हवा काढली. सुई तिथेच.

आता एकच उरलं असं ते म्हणाले. हेड पुन्हा उतरवायचं. या इंजिनाचा ब्लॉक लोखंडी आणि हेड अॅल्युमिनियमचं. अॅल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून एकदा जास्त तापलं की हेड वाकतं. शिवाय गॅस्केट उलटी बसली तर पाण्याची भोकं झाकली जातात. आपल्या हातून तेच झालं असणार असं त्यांनी धरलं. रात्री दहापर्यंत बसून हेड उतरवलं, काचेवर ठेवून पाहिलं. सरळ. गॅस्केट सुलटी, सगळी भोकं मोकळी. नवी गॅस्केट स्वतःच्या पैशानं घालून परत बांधलं. गाडी परत तापली. तोवर अकरा दिवस टॅक्सी उभी होती.

त्या दिवशी त्यांचा चेहरा मी पाहिला. तो माणूस आपल्याच कामात चूक शोधत होता, आणि ती सापडत नव्हती.

बाराव्या दिवशी गाडी नुकतीच बंद केलेली असताना त्यांनी रेडिएटरवर तळहात फिरवला. वरची टाकी चटका देणारी, मध्यावर ठिकठिकाणी कोमट, खालचा कोपरा चक्क गार. त्यांनी माझा हात धरून तिथे ठेवला. बोलले काही नाहीत. रेडिएटर उतरवून खालचं तोंड तळव्यानं दाबून वरून पाणी भरलं आणि हात काढला. बदाबदा पडायला हवं होतं ते पाणी करंगळीएवढ्या धारेनं आलं. रेडिएटरवाल्यानं डाग वितळवून वरची टाकी उघडली, तेव्हा निम्म्याहून जास्त नळ्यांची तोंडं पांढऱ्या खपलीनं आणि तांबड्या चिखलानं बुजलेली. खपली आमच्या बोअरिंगची. चिखल जुन्या ब्लॉकमधला गंज, जो इंजिन धुताना सुटला आणि दोन दिवसांत फिरत फिरत तिथे येऊन बसला. झिजलेल्या इंजिनाला ताकद कमी होती, म्हणून उष्णताही बेताची, आणि तेवढी तो अर्धा बुजलेला रेडिएटर कशीबशी ओढत होता. नव्या घट्ट इंजिनाला तो पुरला नाही.

दादानं त्यांना विचारलं, "उस्ताद, हे पहिल्याच दिवशी का नाही बघितलं?" ते म्हणाले, "लिस्ट में लिखा था. आपने काट दिया, तो मैं समझा आपने कहीं और करवा लिया." थोडं थांबून म्हणाले, "फिर वो चिट्ठी आई, तो लगा गलती मेरी ही होगी."

नवा कोअर सोळाशेलाच पडला. दादानं त्यानंतर पाण्यात कूलंट घातलं आणि बोअरिंगचा तांब्या बंद केला. सुई मध्यावर राहिली. ती टॅक्सी 2013 पर्यंत चालली, त्या इंजिनावर हेड पुन्हा उघडावं लागलं नाही. दुसऱ्या गॅस्केटचे पैसे द्यायला दादा गेला, त्यांनी घेतले नाहीत. मी बाहेर रिक्षापाशी उभा होतो. माफी मागायला हवी होती हे तेव्हाही कळत होतं. मास्तरकीच्या इतक्या वर्षांत दुसऱ्यांकडून पुष्कळ माफीनामे लिहून घेतले होते, स्वतः द्यायची सवय नव्हती.

2023 च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी, 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेवला नोंदलेली, वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली. पेपरात फोटो आले. त्या आठवड्यात कपाट आवरताना मला ती यादी सापडली, लाल रेघेसकट. दुसऱ्या दिवशी काशीमिऱ्याला गेलो. गॅरेज आहे, पण आता तिथे स्कूटरची कामं होतात. उस्ताद कधीच गावी, उत्तर प्रदेशात गेले होते. दुकान त्यांचा पुतण्या बघतो. हयात आहेत, पण फोनवर ऐकू येत नाही म्हणाला. मी म्हटलं, निरोप सांगाल का? त्यानं विचारलं, क्या बोलूँ? मला एकदम सुचेना. मी म्हटलं, भाईंदरके मास्तर आये थे बोलो, रेडिएटरकी लाइन उन्होंने काटी थी, गलती उनकी थी. त्यानं दोनदा "रेडिएटर?" असं विचारलं, मान डोलावली आणि पाना उचलून समोरच्या स्कूटरकडे वळला.